आक्काच्या घड्याळाची चेन: एका मनगटाचं प्रकरण

गेल्या दिवाळीत खानापूरला आक्काकडे गेलो होतो. फराळाचे डबे काढायला कपाट उघडलं, तर वरच्या फळीवर घड्याळाचं खोकं दिसलं. आत स्टीलच्या चेनचं बायकी घड्याळ, काचेवर ओरखडा नाही, काटे चालू. आक्का निवृत्त झाली तेव्हा तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेलं. तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत तिने पस्तीस वर्षं पहिली-दुसरीची मुलं शिकवली. त्यातली आता कुणी बेळगावात फौंड्रीत, कुणी गोव्यात हॉटेलात, कुणी सैन्यात. सगळ्यांनी मिळून बाईंना घड्याळ दिलं आणि बाई ते घालत नव्हत्या.

"आक्का, हे का घालत नाहीस?"

"दुखतं की रे. हाडावर बसतं. पोरांनी विचारलं की फोटोपुरतं घालते."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. मी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात काम करतो. दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि गेज ही मापाची साधनं हातात. शतांश मिलिमीटरने चुकलेला भाग बाजूला काढणं हे माझं रोजचं काम, आणि माझ्याच बहिणीच्या मनगटावरची चेन बसत नाही म्हणून ती सहा महिने कपाटात पडली होती. घड्याळ बरोबर घेऊन जातो म्हणालो, तर तिने अडवलं. "इथंच बघ काय ते. नेलंस की वर्षभर परत यायचं नाही." तिचं बरोबर होतं, पण वेगळ्याच कारणाने. घड्याळ एकटं बेळगावला आणलं असतं तर मला काहीच कळलं नसतं. दोष घड्याळात नव्हताच.

तक्रार नेमकी काय होती

तीन गोष्टी होत्या. संध्याकाळपर्यंत चेन आवळायची आणि काढल्यावर मनगटाभोवती कड्यांचे वळ दिसायचे. लॉक करंगळीच्या बाजूच्या उंच हाडावर येऊन टोचायचं. आणि त्याच हाडावर रुपयाएवढा लाल चट्टा उठायचा, त्याला खाज यायची.

आक्काला स्टीलची चेन नवी होती. नोकरीला लागली तेव्हा वडिलांनी तिला एचएमटीचं चावीचं घड्याळ घेऊन दिलं होतं. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळूरूत एचएमटीची घड्याळं बनायला लागली, आणि पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे घड्याळ म्हणजे एचएमटी असंच समीकरण होतं. त्याला चामड्याचा पट्टा होता. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना चामड्याचं काय होतं ते सांगायला नको. आषाढात पट्ट्याला बुरशी, श्रावणात वास, गणपतीला नवा पट्टा. विद्यार्थ्यांनी मुद्दाम स्टीलची चेन निवडली ती यासाठीच. निवड उत्तम होती.

चेन नवी असताना लांब असते, कारण ती कुणाच्याही मनगटाला पुरावी म्हणून जास्तीच्या कड्या घालूनच येते. म्हणून निवृत्तीनंतरच्या आठवड्यात माझा भाचा तिला बेळगावात एका दुकानात घेऊन गेला. सकाळी अकराची वेळ होती. माणसाने चेन मनगटावर धरून पाहिली, दोन कड्या काढल्या, लॉक बंद केलं आणि कन्नडात विचारलं, "साकेन री?", म्हणजे पुरे का? आक्का म्हणाली, "साक री," पुरे. पाच मिनिटांत काम झालं. काढलेल्या दोन कड्या त्याने छोट्या पिशवीत घालून खोक्यात ठेवल्या. हे त्याने फार चांगलं केलं. त्या कड्या नसत्या तर पुढचं काहीच करता आलं नसतं. कड्या कापून घेतलेल्या प्रत्येकाने त्या मागून घ्याव्यात, कारण तशीच कडी नंतर वेगळी मिळवणं फार अवघड जातं.

आधी मनगट मोजलं

मी कड्यांना हात लावायच्या आधी दोन दिवस फक्त मापं घेतली. कागदाची सेंटिमीटरभर रुंद पट्टी घड्याळ बसतं तिथे गुंडाळायची, जिथे मिळते तिथे पेनाने खूण, मग पट्टी सपाट करून पोलादी पट्टीवर वाचायची. सकाळी सहाला १५२ मिमी. अकराला १५५. दुपारी चारला १५७. रात्री आठला, भाकऱ्या थापून झाल्यावर, १५९.

एका दिवसात सात मिलिमीटर. आमच्या शॉपमध्ये एखादा भाग सकाळी एक आणि रात्री दुसरं माप दाखवू लागला तर आम्ही मशीन बंद करू. माणसाचं मनगट मात्र असंच असतं. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, दिवसभर हात खाली लोंबल्याने पाणी साचतं, कामाने हात तापतो, खारट खाल्लं की आणखी फुगतो. थंडीत आणि पहाटे मनगट आकसतं. आता चेनच्या आतलं माप हवं होतं. लॉक लावलेल्या चेनमध्ये कडक कागदाची गुंडाळी सोडली, ती उलगडत जाऊन आतून चेनला टेकली, तिथे खूण करून कागद मोजला. १५८ मिमी.

म्हणजे दुकानात अकरा वाजता, १५५च्या मनगटावर, तीन मिलिमीटर मोकळीक होती. त्या क्षणी ते माप अगदी योग्य होतं आणि आक्काने 'साक' म्हटलं ते मनापासून म्हटलं. रात्री आठला तेच मनगट चेनपेक्षा एक मिलिमीटर मोठं होत होतं. रबर असतं तर ताणलं असतं. स्टील ताणत नाही, मांसच दबतं. वळ उठायचे ते त्यामुळे.

ही पहिली तक्रार सोपी निघाली, कारण लॉकच्या बाजूला चार बारीक भोकं होती. घडीच्या लॉकला अशी भोकं असतात. चेनचं टोक स्प्रिंगच्या बारीक पिनने त्यातल्या एका भोकात अडकवलेलं असतं, ती पिन टोकदार काडीने आत दाबली की टोक सुटतं आणि पुढच्या-मागच्या भोकात बसवता येतं. आक्काच्या लॉकवर एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत दोन मिमी अंतर होतं. एक पूर्ण कडी सात मिमीची. एवढ्या मोठ्या उडीने मनगट बसवता येत नाही. कड्या काढून जवळपास पोचायचं आणि भोकांनी नेमकं जुळवायचं, अशी या बनावटीची योजनाच असते. दुकानात चेन सगळ्यात आवळ भोकात, म्हणजे पहिल्यात, बसवलेली होती. ती तिसऱ्यात नेली. चार मिमी वाढले, आतलं माप १६२ झालं. आता रात्री आठला तीच तीन मिमी मोकळीक मिळाली जी दुकानात सकाळी अकराला होती. करंगळीचं टोक चेनखाली जेमतेम सरकतं का ते पाहिलं. सरकलं.

माप घ्यायची वेळ ही या सगळ्यातली निम्मी बाब आहे असं माझं ठाम मत झालं आहे. चेन बसवून घ्यायला दुपारनंतर जावं, आणि शक्यतो चालत जावं. सकाळी थोडी सैल वाटली तर घड्याळ कोपराकडे सरकवून घेता येतं, तिथे हात जाड असतो. संध्याकाळी आवळली तर काढण्याशिवाय इलाज नाही.

सगळ्या लॉकना मात्र भोकं नसतात. दोन्ही बाजूंनी पंखांसारखं उघडणारं बटरफ्लाय लॉक दिसायला देखणं, बंद केलं की शिवण दिसत नाही, पण बहुतेकांत बारीक जुळवणीची सोय नसते. तिथे मग अर्ध्या लांबीची कडी असली तर तिच्यावरच भिस्त. मनगट दिवसात पाच-सात मिमी बदलणाऱ्या माणसाने असलं लॉक विकत घ्यायच्या आधी दोनदा विचार करावा.

हाड

वळ गेले. टोचणं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "आक्का, घालून दाखव." तिने घड्याळ हातात सरकवलं, लॉक लावलं आणि डायल फिरवून तळहाताच्या बाजूला नेली. अगदी सहज, न बघता. मी दोन दिवस मापं घेत होतो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मापं घेताना घड्याळ मी काढून ठेवत होतो.

"तू आतल्या बाजूला घालतेस?"

"मग? पहिल्यापासून तसंच. खडूची पूड काचेवर बसायची. एसटीत दांडीला काच आपटायची. आणि कडेवर पोर असलं तरी हात न फिरवता वेळ दिसते."

आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या बाया घड्याळ असंच घालतात. मी लहानपणापासून आक्काच्या हाताच्या आतल्या बाजूला घड्याळ पाहत आलो होतो. इतकं पाहिलेलं की दिसेनासं झालेलं. दुकानातल्या माणसाला तर ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्याने चेन डायल वर ठेवून बसवली. आक्काने तिथे कसलाही अडथळा आणला नाही, परक्या माणसासमोर हात पुढे केला आणि उभी राहिली.

आता हे थोडं सावकाश सांगतो, कारण या प्रकरणाचा जीव इथे आहे. डाव्या हातात डायल वर ठेवून घड्याळ घातलं की सहाचा आकडा अंगठ्याच्या बाजूला येतो आणि बाराचा करंगळीच्या. लॉक मनगटाच्या खाली, तळहाताच्या बाजूला. घड्याळ बसवणारे बहुधा सहाच्या बाजूच्या कड्या जास्त काढतात. त्याने लॉक किंचित अंगठ्याकडे सरकतं आणि मनगटाखालच्या सपाट भागावर नीट बसतं. दुकानात दोन्ही कड्या सहाच्या बाजूनेच काढल्या होत्या. रीत बरोबर होती.

पण डायल आत नेली की सगळं अर्ध्या फेऱ्याने फिरतं. बारा अंगठ्याकडे येतात, सहा करंगळीकडे जातात आणि लॉक मनगटाच्या वर, हाताच्या पाठीकडे येतं. सहाची बाजू आखूड असल्याने ते लॉक आता करंगळीकडे ओढलं जातं. आणि हाताच्या पाठीवर करंगळीच्या बाजूलाच ते उंच हाड असतं. आपला हात पाहा, लगेच सापडेल. कातडीखाली मांस जवळजवळ नाही, नुसतं हाड. लॉक म्हणजे तीस मिमी लांबीचा ताठ तुकडा. कड्या वळतात, लॉक वळत नाही. सपाट जागी ते शांत पडून राहतं, पण उंचवट्यावर आलं की त्याचं एक टोक उचलतं आणि दुसरं रुततं.

कागदावर आकडे मांडले. डायलच्या मध्यापासून लॉकच्या मध्यापर्यंत बाराच्या बाजूने ८६ मिमी, सहाच्या बाजूने ७२. (ही मापं चेन १५८ वर असतानाची.) फरक चौदाचा, म्हणून लॉक बरोबर समोरच्या बिंदूपासून सात मिमी करंगळीकडे. लॉकचं टोक मध्यापासून पंधरा अधिक सात, बावीस मिमीवर. आक्काच्या मनगटाची रुंदी व्हर्नियरने पन्नास मिमी आली, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत पंचवीस. बावीस म्हणजे टोक थेट हाडाच्या माथ्यावर. चट्टा तिथेच होता.

मला त्या क्षणी दुकानदाराचा राग आला नाही. त्याने शिकलेलं काम चोख केलं होतं. आक्काला एक प्रश्न विचारायचा राहून गेला आणि तो मीही दोन दिवस विचारला नव्हता.

कड्यांची अदलाबदल

मग काम असं ठरलं: सहाच्या बाजूला एक कडी परत घालायची आणि बाराच्या बाजूची एक काढायची. लांबी तेवढीच राहते, लॉक सात मिमी अंगठ्याकडे सरकतं.

चेन उलटी केली की आतल्या बाजूला काही कड्यांवर छोटे बाण कोरलेले दिसतात. त्याच कड्या काढता येतात आणि बाणाच्या दिशेने पिन ठोकून बाहेर काढायची असते. मी शॉपमधून छोटा व्ही ब्लॉक (वस्तू धरून ठेवणारा, व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा), बारीक पंच आणि पितळी हातोडी नेली होती. खाली जाड टॉवेल, डायलला कापड गुंडाळलेलं. पिन एक मिमीपेक्षाही बारीक. दोन हलके ठोके, मग चिमट्याने ओढायची. बाजारात स्क्रू फिरवून पिन ढकलणारं स्वस्त साधन मिळतं, तेही चालतं, फक्त त्याची सुई पिनच्या बरोबर मध्यावर आली आहे ना ते भिंगातून पाहावं. तिरकी लागली की सुईच वाकते.

इथे माझी चूक झाली. या पिनला एका टोकाला चीर असते आणि चिरेमुळे झालेले दोन पाय किंचित फाकलेले असतात. कडीत घट्ट बसण्याचा सगळा जोर त्या फाकलेल्या टोकात असतो. पिन काढताना बाणाच्या दिशेने जाते, घालताना बाणाच्या उलट दिशेने, साधं टोक आधी आणि चिरेचं टोक सगळ्यात शेवटी. मी घाईत चिरेचं टोक आधी घातलं. ते पूर्ण कडीतून ओढलं गेलं, पाय दबले आणि पकड गेली. वरून पाहता पिन व्यवस्थित बसलेली दिसत होती. मी बेळगावला परत आलो.

नवव्या दिवशी आक्काचा फोन. "अरे, माझ्या इरकलीच्या पदराचा धागा ओढला गेला. चेनला काहीतरी टोचरं आलंय." पिन दोन मिमी बाहेर सरकली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर ती बाजारात, नाहीतर बसमध्ये गळून पडली असती आणि तिच्यामागे घड्याळ. विद्यार्थ्यांचं घड्याळ माझ्या हातून हरवलं असतं. त्या रविवारी पहिल्या गाडीने खानापूर गाठलं. जुनी पिन टाकून दिली, त्याच जाडीची आणि लांबीची नवी पिन नेली होती, ती बरोबर टोकाने घातली. मग चेनच्या दोन्ही कडांवरून नख फिरवून पाहिलं. नख कुठेही अडकता कामा नये. तेव्हापासून आक्का महिन्यातून एकदा घड्याळ पुसताना स्वतः नख फिरवते.

सगळ्या चेन अशा पिनच्या नसतात. काही जपानी बनावटीच्या चेनमध्ये पिन सरळ गुळगुळीत असते आणि तिला धरून ठेवणारी तिळाएवढी नळी कडीच्या मधल्या भागात बसवलेली असते. पिन काढताना ती नळी नकळत खाली पडते आणि ती नसेल तर पिन टिकत नाही. म्हणून पांढऱ्या कापडावरच काम करावं. महागड्या काही चेनमध्ये स्क्रू असतात. ते पेचकसाने सुटतात, पण पात्याची रुंदी खाचेशी नेमकी जुळली पाहिजे, नाहीतर खाच खरवडते. आणि लॉककडे निमुळती होत जाणारी चेन असेल तर कडी ज्या क्रमाने निघाली त्याच जागी परत जायला हवी. आक्काची चेन सगळीकडे बारा मिमी रुंद होती, तो त्रास नव्हता.

एक कडी बदलल्यावर लॉक मध्यावर आलं. त्याचं टोक आता पंधरा मिमीवर. आक्का म्हणाली, बरं आहे, पण जोंधळ्याची भाकरी थापताना मनगट मागे वळलं की अजून लागतं. मी तिला पीठ नसताना तशी कृती करून दाखवायला लावली. हात मागे वळला की हाडाचा उतार लॉकच्या टोकाला येऊन भिडत होता. मध्य म्हणजे योग्य जागा असं मी गृहीत धरलं होतं. मनगटाची पाठ दोन्ही बाजूंनी सारखी नाही, हे तिच्या भाकरीने सांगितलं. अंगठ्याच्या बाजूला खालचं हाड रुंद आणि चपटं आहे, करंगळीच्या बाजूला टेकाड. म्हणून दुसरी कडीही बदलली. लॉक आणखी सात मिमी अंगठ्याकडे गेलं, टोक मध्यापासून आठ मिमीवर थांबलं, हाडाच्या अलीकडे.

शेवटी हाती काय आलं ते पाहून मला समाधान वाटलं. दुकानात काढलेल्या दोन्ही कड्या सहाच्या बाजूला परत गेल्या होत्या आणि बाराच्या बाजूच्या दोन निघाल्या होत्या. दुकानदाराचंच काम, आरशात पाहिल्यासारखं उलट.

चट्टा

खाजेबद्दल मी घाबरलो होतो. घड्याळांना सर्रास वापरतात त्या ३१६एल स्टीलमध्ये दहा ते चौदा टक्के निकेल असतं, आणि निकेलची ॲलर्जी असलेल्या माणसाला नकली दागिन्यांसारखाच त्याचा त्रास होऊ शकतो. चांगल्या स्टीलमध्ये ते घट्ट बांधलेलं राहतं, कातडीवर फार कमी उतरतं. स्वस्त चेनमध्ये पितळेवर निकेलचा मुलामा असतो, तो घामाने झिजतो, तिथे धोका जास्त. आक्काला विचारलं, खोटी कानातली कधी खाजली का? कधीच नाही. शिवाय चट्टा चेनच्या पूर्ण वेढ्याखाली नव्हता, फक्त लॉकच्या टोकाखाली, दाब होता तिथेच. भांडी घासताना साबणाचं पाणी लॉकच्या घडीत शिरून तिथेच राहत होतं, तेही एक कारण असावं असं मला वाटलं. घडी उघडून मऊ दातब्रशने, सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने चेन साफ केली तेव्हा घडीच्या सांध्यातून काळपट मळ निघाला. दोन आठवडे रात्री घड्याळ काढून ठेवायला सांगितलं. चट्टा विरत गेला आणि परत आला नाही. आला असता तर मी त्वचेच्या डॉक्टरकडेच नेलं असतं. चेनच्या मापात त्याचं उत्तर शोधत बसलो नसतो.

दाजींनी हे सगळं ऐकून आपलं जुनं स्प्रिंगच्या चेनचं घड्याळ आणून दाखवलं. लॉक नाही, भोकं नाहीत, ताणून हातात सरकवायचं. अमेरिकेतल्या स्पायडेल कंपनीने १९५९ साली 'ट्विस्ट-ओ-फ्लेक्स' नावाने अशी चेन आणली आणि पुढे तसल्या चेन जगभर पसरल्या. मनगट फुगलं तर चेनही फुगते, हा तिचा मोठा गुण. पण कड्यांच्या फटींत हातावरचे केस अडकतात, दाजींनी त्याच कारणाने ती सोडली होती. आक्काला ती चालली असती, असं मला अजून वाटतं. तिने नाही म्हटलं. पोरांनी दिलेल्या घड्याळाला दुसरी चेन लावायची नाही, एवढंच म्हणाली.

नोंदवही

आक्काने शाळेतली एक कोरी हजेरी वही काढली आणि रोज तीन वेळा लिहायला लागली: वेळ, वळ आहे का, टोचतं का. पहिल्या आठवड्यात सकाळच्या रकान्यात "सैल" हा शब्द पाच वेळा आहे. १६२च्या चेनमध्ये सकाळचं १५२चं मनगट, दहा मिमी मोकळीक, डायल जड असल्याने कलंडायची. मी एक भोक कमी करू का विचारलं. तिने नको म्हटलं. तिने बांगड्यांवरून ताडून पाहिलं होतं. कासाराकडे 'दोन-सहा' मागितलं की दोन पूर्णांक सहा सोळांश इंच व्यासाची बांगडी मिळते, ती मनगटाच्या मापाची नसते, मूठ ओलांडून जाईल अशी असते, आणि मनगटावर मोकळी खेळते. "बांगडी सैलच असते की. घड्याळ सकाळी थोडं खेळलं तर काय झालं?" सकाळी ती घड्याळ बोटभर कोपराकडे सरकवते, दुपारी ते आपोआप खाली येतं.

एप्रिलमध्ये रात्रीचं माप १६१ आलं आणि वहीत पुन्हा "वळ" दिसायला लागलं. तिने स्वतःच सेफ्टी पिनने स्प्रिंगची पिन दाबून चेन चौथ्या भोकात नेली. १६४. वळ गेले. पावसाळा लागल्यावर परत तिसऱ्यात आणली. मला दोन्ही वेळा नंतर कळलं.

बाराच्या बाजूने निघालेल्या दोन कड्या आणि एक जादा पिन तिने त्याच पिशवीत घालून खोक्यात ठेवली आहे. पिशवीवर शाळेतल्या तिच्या अक्षरात लिहिलंय: "१२ची बाजू. २ कड्या. डायल आत." जूनमध्ये एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो होतो, अक्षता टाकायला तिने हात वर केला तेव्हा लॉक मनगटाच्या पाठीवर चमकलं.